कंपनीची भाकरी

आमचे हे निवृत्त झाले आणि दोन महिने अंगणात खुर्ची टाकून रस्त्यावरच्या गाड्या बघत बसले. तिसऱ्या महिन्यात म्हणाले, "अगं, आपण फ्रँचायझी घेऊ या."

मी वाल सोलत होते. मोड आलेले वाल सोलताना माणसाने चिडू नये, कारण चिडलं की दाणा दुभंगतो आणि बिरड्याचा लगदा होतो. त्या दिवशी आमच्याकडे लगदाच झाला.

आमचं गाव कर्जत-कळंब रस्त्यावर. रस्ता रुंद झाला आणि आमच्या घरापुढची पडीक जागा, जिथे आम्ही पेंढा रचायचो, ती एकदम रस्त्याला येऊन लागली. फंडाचे पैसे हातात येताच यांनी तिथे गाळा बांधला. भिंती झाल्या, पत्रा झाला, शटर लागलं, शटरला रंगही लागला, आणि मग आत काय घालायचं याचा विचार सुरू झाला. आमच्याकडे सगळं असंच. आधी शटर, मग डोकं.

आत काय घालायचं ते मला फार आधीपासून ठाऊक होतं. मला खाणावळ काढायची होती. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, आणि आदल्या दिवशी सांगितलं तर गावठी कोंबडी. हे काही हवेतलं बोलणं नव्हतं. शनिवार-रविवारी मी कळंबच्या अलीकडे एका रिसॉर्टवर भाकऱ्या थापायला जायचे. तिथे हिरवळीवर मुद्दाम मातीची चूल मांडली होती, शेजारी कंदील टांगला होता आणि तो भर दुपारी पेटवायचे. मुंबईची माणसं रांग लावून भाकरी फुगताना मोबाइलमध्ये धरायची. मॅनेजर म्हणाला, मावशी, नऊवारी नेसून येत जा. मी म्हटलं, भाकरी पाचवारीतही फुगते.

भाकरी माझी आणि कौतुक रिसॉर्टचं. जेवून उठलेली माणसं मॅनेजरला सांगायची, "भाकरी एक नंबर हं तुमची," आणि तो मान लववून ते घ्यायचा, जशी काही परात त्याच्याच पुढ्यात होती. माझी पन्नाशी आली. आधी सासरच्या माणसांसाठी थापल्या, मग मुलीच्या डब्यासाठी, ती सासरी गेली तर रिसॉर्टसाठी. आता एकदा तरी मला स्वतःच्या दारात, स्वतःच्या मर्जीने भाकरी थापायची होती आणि ती माझी आहे असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. हट्ट म्हणा हवं तर. होताच हट्ट.

यांची गोष्ट वेगळी. खालापूरकडच्या एका कारखान्यात यांची उभी हयात गेली. नाक्यावर कंपनीची बस यायची. साबण कंपनीचा, छत्री कंपनीची, दिवाळीला मिठाई कंपनीची आणि डोक्यावर साहेब कंपनीचा. त्या साहेबाला शिव्या घालत घालत यांचं आयुष्य अगदी सुखात गेलं. निवृत्त झाल्यावर शिव्या घालायला कुणी उरलं नाही, तर माणूस सुकायलाच लागला. स्वतःचा धंदा म्हणजे चुकलं तर आपण चुकलो. फ्रँचायझीत चुकलं तर कंपनी चुकली. एवढं साधं गणित होतं यांचं.

"आपल्याला काय कळतंय धंद्यातलं?" हे म्हणायचे. "कंपनी सगळं शिकवते."

"मला भाकरी शिकवणार का कंपनी?"

"भाकरी नाय गं. चहा."

"म्हणजे माझा चहा तुम्हाला आवडत नाही, असं एकदा तोंडावर सांगा की!"

चहा म्हटल्यावर मला आणखीच संताप आला होता. आमच्या रस्त्याला थोडं पुढे गेलं की चहाचं एक दुकान, आणखी थोडं गेलं की दुसरं. रंग एक, पाटी एक, कप एक. आतला माणूसही सगळीकडे तोच, झोप न झालेला. त्यात आपण आपली भर घालायची?

तरी कर्जतला कंपनीची सभा होती तिला मी गेले. एकट्याला पाठवलं असतं तर हे सही करूनच परतले असते. सभा लग्नाच्या हॉलमध्ये होती. स्टेजवर आदल्या दिवशीच्या लग्नाची फुलं तशीच होती, फक्त मधली वधूवरांची नावं काढून तिथे पडदा लावला होता. हे इस्त्रीचा शर्ट घालून बसले, मी कपाळाला आठी घालून बसले.

कोटातला एक मुलगा बोलायला उभा राहिला. बोलायला छान होता मेला. "नोकरी खूप केलीत, आता स्वतःचे मालक व्हा," म्हणाला. टाळ्या पडल्या. मग मालकाने काय काय करायचं ते पडद्यावर यायला लागलं. दुकानाचा रंग कंपनी ठरवणार. खुर्च्या कंपनीकडून घ्यायच्या. चहाची पावडर, साखर, कप, टेबल पुसायचं फडकंसुद्धा कंपनीचं. टोपी कंपनीची, ती दुकानात असेपर्यंत काढायची नाही. दुसरं काही विकायचं नाही. मालकाने शटर किती वाजता उघडायचं तेही ठरलेलं होतं. मी यांच्याकडे बघितलं. यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं होतं की काय सांगू! लग्नात नव्हतं आलं इतकं.

मग सगळ्यांना चहा आला. बरा होता, खोटं कशाला बोलू. वाढणाऱ्या बाईला मी हळूच विचारलं, "हा कंपनीचा का?"

"नाय ओ ताई, हॉलच्या कँटीनचा हाय," ती म्हणाली. "त्यांचं मशीन आणायचं राहिलं म्हणं."

मी ते यांच्या कानात सांगितलं. हे म्हणाले, "शू, ऐकू दे."

शेवटी प्रश्न विचारा म्हणाले, तशी मी उठले. "मालकाला सुट्टी हवी असेल तर कुणाला विचारायचं?"

"एरिया मॅनेजरना कळवायचं मॅडम," कोटवाला म्हणाला. मला वाटलं हॉल हसेल. हॉलने माना डोलावल्या. हसू माझं मलाच पदरात दाबावं लागलं.

परतताना रिक्षात आमचं जे भांडण सुरू झालं ते दारापर्यंत पुरलं. आवाज ऐकून काकी ओट्यावर आल्या.

काकी म्हणजे यांच्या चुलत्यांची बायको, भिंतीला भिंत लागून घर. यांची आई लवकर गेली, त्यामुळे मी लग्न होऊन खालापूरकडून इकडे आले तेव्हा सासूच्या जागी मला काकीच होत्या. भाकरी मला माहेरीच येत होती, असा माझा समज होता. काकींनी तो पहिल्या दिवशी मोडून काढला. "गं पोरी, परातीचा आवाज कुठं हाय तुज्या?" म्हणाल्या. "थापते का कुरवाळते?" मग माझ्या मागे बसल्या, माझा हात आपल्या हातात धरला आणि मला थापायला शिकवलं. पिठात उकळतं पाणी किती घालायचं, मळताना हात भाजला तरी का थांबायचं नाही, तव्यावर टाकल्यावर पाण्याचा हात कसा फिरवायचा. आज मी थापते त्या भाकरीत माझं काय आहे ते मला सांगता येणार नाही. हात काकींचाच आहे.

काकींनी दोघांचं ऐकून घेतलं आणि निवाडा केला. "आत्ताच गणपती गेल्यात. दसरा होईस्तवर तिला करू दे तिचं. नाय जमलं तर मग तू घाल तुजी टोपी."

मी रिसॉर्टचं काम सोडलं आणि खडूने पाटी लिहिली, 'भाकरी-बिरडं मिळेल'. पहिल्याच रविवारी एक गाडी थांबली. ठाण्याचं कुटुंब होतं, नवराबायको आणि एक काडीसारखा मुलगा. बाईंनी विचारलं, "अनलिमिटेड आहे का?" मला रागच आला. जेवण काय मापात असतं? बसा म्हटलं. मुलाने अर्ध्यात हात आखडला तर त्याला म्हटलं, खा रे, हाडं बघ कशी दिसतायत. नको नको म्हणत असताना बिरडं वाढलं. बाई म्हणाल्या, "अहो, पोट फुटेल." मी म्हटलं, "आमच्याकडे अजून कुणाचं फुटलेलं नाही."

उठताना त्यांनी विचारलं, किती झाले. आणि तिथे माझी वाचाच गेली. आत्ताच ज्याला शपथा घालून वाढलं, त्याच माणसाला त्याच तोंडाने घासाची किंमत कशी सांगायची? "द्या काय द्यायचं ते," म्हटलं. त्यांनी काहीतरी दिलं. वर मुलासाठी मी दोन भाकऱ्या बांधून दिल्या, त्या वेगळ्याच.

तरी ते परके होते, हातावर काही ठेवून तरी गेले. आपली माणसं आली ती "वहिनी, आपलंच हाय ना!" म्हणत आली. काकींचा मुलगा, म्हणजे माझे चुलतदीर, बायकोला घेऊन आले. तिचा भाऊ भिवपुरीहून मुद्दाम आला, कारण त्याला कळलं होतं की ताईच्या जावेने हॉटेल टाकलंय. पोटभर जेवले, तोंडभर कौतुक केलं, आणि हात धुऊन गेले. पैसे कुणी विचारले नाहीत आणि मी मागितले नाहीत. दारात जेवलेल्या भावकीकडे पैसे मागणं म्हणजे आमच्याकडे कानाखाली मारण्यासारखं आहे. एकदा मी हिंमत करून नुसता घसा खाकरला. दीर म्हणाले, "वहिनी, पाणी प्या."

त्यात पितृपक्ष लागला. म्हणजे जिवंत नातेवाइकांच्या जोडीला मेलेलेही जेवायला. पत्र्यावर कावळे बसायचे, तेही आपलेच.

शेवटच्या रविवारी काकी आल्या. भाकरी मोडली, आतली वाफ बघितली, पहिला घास नुसताच खाल्ला, कशाला न लावता. मी समोर उभी. हळूहळू चावून झाल्यावर म्हणाल्या, "माज्याच हातची हाय गं ही." मला भरून आलं. माझं सगळं मिळालं मला त्या एका वाक्यात, आणि गाळ्याला मात्र काही मिळालं नाही.

दसऱ्याला शटरला झेंडूचं तोरण लावलं आणि मी यांना म्हटलं, "घ्या तुमची फ्रँचायझी." रागानेच म्हटलं. मग मागच्या दाराशी जाऊन रडले. राग भावकीचा नव्हता, यांचाही नव्हता. मला धंदा येतच नव्हता, मला फक्त वाढता येत होतं. हे पन्नाशीत कळलं की फार वाईट वाटतं.

सही करायच्या आधी एखादं चालू दुकान बघून यावं, एवढी तरी अक्कल आम्हाला होती. खोपोलीला माझ्या भावाच्या ओळखीचा एक जण त्याच कंपनीचं दुकान चालवत होता. तिथे गेलो. दुकान चकचकीत. चहा असा, की गुळाला पाण्यातून नुसतं फिरवून आणलं असावं. हे त्या दुकानदाराला सिस्टीम कशी आहे, मशीन कसं आहे विचारत होते आणि तो डोक्यावरची टोपी सारखी करत एका सुरात उत्तरं देत होता. मशीन बघायला हे आत गेले तशी मी विचारलं, "खरं सांगा दादा, परवडतं का?"

"खरं सांगू ताई? निम्मं त्यांच्याकडंच जातंय. यापेक्षा माजी टपरी बरी चालायची."

"मग मोडलीत कशाला?"

त्याने इकडे तिकडे बघितलं. "मामा," म्हणाला. "मला मामा लय हायत. रोज टपरीवर यायचे, चहा प्यायचे आन भाचा मोठा झाला म्हणून पाठ थोपटून जायचे. आता आले की मी टोपीवर बोट ठेवतो. म्हणतो, मामा, माजं नाय हे, कंपनीचं हाय. काय वाद नाय. गुमान खिशात हात घालतात. वर म्हणतात, बरोबर हाय भाचा, नियम म्हंजी नियम."

मी कपातला उरलेला चहा एका घोटात संपवला. डोक्यात लख्ख उजेड पडला माझ्या! चहा कुणाला हवा होता? हा माणूस कंपनीकडून 'नाही' विकत घेत होता. आपल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची आम्हा लोकांत हिंमत नाही, म्हणून ती लांबून कुठून तरी मागवायची. त्यासाठी रंग, त्यासाठी खुर्च्या, त्यासाठी ते फडकं.

परतीच्या एसटीत मी म्हटलं, "घेऊ या फ्रँचायझी."

यांना खरंच वाटेना. "या चहाची?"

"नाय. माझी."

"तुजी कुठं हाय कंपनी?"

"आजपासून आहे. कंपनी मी. दुकान तुम्ही चालवायचं. नियम मी काढीन, साहेब मी होईन आणि शिव्या तुम्ही घाला."

"येड लागलं का तुला?" हे म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. कर्जत आलं. उतरताना म्हणाले, "टोपी कुठल्या रंगाची?"

टोपी लाल घेतली, कर्जतच्या बाजारातून. पाटी पिवळी, तिच्यावर लाल अक्षरात गावदेवीचं नाव, पुढे 'फूड्स', आणि खाली 'शाखा : कळंब रस्ता'. यात खोटं काही नव्हतं. शाखा होतीच. बाकीच्या अजून निघायच्या होत्या, एवढंच. आत दुसरी पाटी लावली: 'कंपनीच्या नियमानुसार आधी पैसे भरावेत. कंपनीच्या नियमानुसार जादा भाकरीचे वेगळे पैसे पडतील.' आणि एक नियम मी स्वतःसाठी काढला. स्वयंपाकघर आणि बाहेरची टेबलं यांच्यामध्ये भिंत घातली, तिला एक छोटी खिडकी ठेवली. भाकरी खिडकीतून बाहेर जाईल, मी जाणार नाही. माणूस समोर दिसला की माझा हात सुटतो, ते मला माहीत होतं.

ही कुणाची कंपनी, ते आम्ही गावात कुणाला सांगितलं नाही. सांगावंच लागलं नाही. हे कर्जतच्या सभेला जाऊन आले, खोपोलीला जाऊन आले, हे गावाला ठाऊक होतं. पाटी लागली तशी गावाने ठरवून टाकलं, घेतली बाबा शेवटी यांनी. आणि गावाने एकदा ठरवल्यावर खुलासा करणारे आम्ही कोण?

पहिल्या दिवशी दीर आले. "वहिनी!" म्हणून हाक मारत शिरले. यांनी टोपीवर बोट ठेवलं. "कंपनीचं हाय रं." खिडकीमागे माझा जीव टांगणीला. दीर थबकले, पाटी वाचली, पुन्हा वाचली.

"आसं का? मग आधी सांगायचं ना दादा," म्हणाले आणि मोबाइल काढून स्कॅनरसमोर धरला. "या कंपन्या लय लुटतात बघ." आणि जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी मेव्हण्याला घेऊन आले. वहिनीला जे कधी दिलं नसतं ते त्यांनी कंपनीला हसत दिलं, वर कंपनीला नावं ठेवायची मजा फुकटात मिळाली.

एवढ्यावर थांबलं नाही. भाकरीला तांदूळ लागणार, आणि तो मला दीरांच्या खाचरातलाच हवा होता, आमच्या बांधाला लागून आहे तिथला. आयुष्यभर त्याच तांदळाची भाकरी थापली मी. हे विचारायला गेले तर दीरांनी भाव चढा सांगितला. "वहिनीला पायजे आसता तर गोष्ट येगळी होती. कंपनीला कशाला सोडायचं? फक्त आयला सांगू नका. घरच्या खायचा तांदूळ इकला म्हणून बोंबलेल." हे निरोप घेऊन माझ्याकडे आले. कंपनीने कपाळावर हात मारला आणि मंजूर केलं.

धंदा चालला. शनिवार-रविवारी गाड्या लागायला लागल्या. माथेरानला हॉटेलात काम करणारा आमच्याच भागातला एक जण जेवून गेला आणि यांना म्हणाला, कंपनीचा नंबर द्या, मलाबी शाखा काढायचीय. हे गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "वरच्यांना विचारून सांगतो." मी खिडकीमागे पिठाच्या हाताने तोंड दाबून हसले. रात्री झोप येईना, इतकं बरं वाटलं.

यांची तब्येत तर बघवेना इतकी सुधारली. सकाळी टोपी घालून "आज काय आदेश?" म्हणून उभे राहतात. नको त्या लग्नाचं आमंत्रण आलं की "कंपनीला विचारतो" म्हणतात आणि सुटतात. एकदा मी यांना रजा दिली नाही, तर नाक्यावर जाऊन सांगून आले, "आमची कंपनी म्हंजी निव्वळ डोक्यावर पडलेली हाय." ते माझ्या कानावर आलंच. शिव्यांचं आमचं आधीच ठरलेलं होतं.

मला एकच गोष्ट खटकायची. 'भाकरी चांगली करते कंपनी,' असं गावातली माणसं म्हणायची. मी म्हणजे कंपनीने कामाला ठेवलेली बाई. असू दे म्हटलं. शटर आपलं, परात आपली, नाव कुणाचं का असेना. असं मनाला सांगत होते आणि मन ऐकतही होतं.

काकी बरेच दिवस आल्या नव्हत्या, गुडघ्यांनी बसवून ठेवलं होतं त्यांना. त्यांच्या घरी मी जाऊन यायचे, पण हातात भाकरी न्यायची आठवण कुठे, सगळी घाईच. यांना मी बजावून ठेवलं होतं, "कुणालाही दाखवा टोपी, काकींना दाखवायची नाही. काकींकडून पैसे घेतलेत तर बघा." हा कंपनीतला सगळ्यात कडक नियम होता, आणि पाटीवर नव्हता.

एका रविवारी भर गर्दीत त्या काठी टेकत आल्या. मी खिडकीतून बघितलं. हे लगबगीने पुढे झाले, खुर्ची ओढली. काकींनी पदराची गाठ सोडली, आतली नोट काढली आणि टेबलावर ठेवली.

"काकी, ठेवा ते," हे म्हणाले.

"गप रं. पाटी वाचून दाखवली मला नातीनं. कंपनीचं हाय. मी फुकट खाल्लं आन त्यांना कळलं तर नोकरी जाईल तुजी." यांनी नोट परत सरकवली तर त्यांनी यांच्या हातावर चापट मारली. "या वयात कुठं जाशील दुसरीकडं?"

यांनी माझ्या खिडकीकडे बघितलं. मी काय करणार? बाजूच्या टेबलावर दीर बसले होते, पैसे भरून, दुसऱ्या भाकरीची वाट बघत. आणखीही चार ओळखीची डोकी होती. हे नोट घेऊन गल्ल्यापाशी गेले आणि पाठ वळवून उभे राहिले.

मी परातीत गोळा घेतला. परातीचा आवाज काकींपर्यंत जायला हवा म्हणून अशी थापली, अशी थापली, की मनगट दुखलं. फुगली बघा टम्म. बिरडं भाजलेल्या खोबऱ्याचं होतं, अगदी त्यांच्या पद्धतीचं. ताट खिडकीतून सरकवलं आणि तिथेच गाल टेकून उभी राहिले.

काकींनी भाकरी मोडली, वाफ बघितली. पहिला घास नुसताच खाल्ला. मी त्या वाक्याची वाट बघत होते. त्या चावत राहिल्या. दुसरा घास बिरड्याला लावला. तिसरा खाल्ला आणि थांबल्या. अर्धी भाकरी ताटात तशीच. इतक्या वर्षांत काकींनी ताटात भाकरी टाकलेली मी बघितली नव्हती.

नियम गेला चुलीत. मी भिंतीपलीकडे गेले. "काय झालं काकी? कच्ची राहिली का?"

"नाय गं, काय नाय." त्यांनी मला जवळ ओढलं आणि कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज अगदी खाली आणला. "हात तोच हाय तुजा. मला वळखू येतोय. पण तू तरी काय करशील? तांदूळ कंपनीचा. आपल्या खाचरातल्या तांदळाची चव त्याला कुठून येणार?"

दीरांनी मान ताटात घातली. हे गल्ल्यापाशी उभे, टोपी डोक्यावर. स्वयंपाकघराच्या दारात पोतं होतं, तोंडाला दीरांनी मारलेली गाठ अजून सुटायची होती.

माझ्या अगदी ओठांवर आलं. काकी, तांदूळ तुमचाच आहे. हात तुमचाच आहे. कंपनी बिंपनी कुणी नाही, मी आहे, ही मी उभी आहे तुमच्यासमोर. एकदा बोलले असते तर काकींनी ती अर्धी भाकरी उचलून खाल्ली असती, आणि म्हणाल्या असत्या ते वाक्य. आणि दुसऱ्या दिवशीपासून सगळा गाव पुन्हा "वहिनी, आपलंच हाय!" म्हणत येऊन बसला असता.

मी उभीच राहिले. काकींना वाटलं मला लागलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "वाईट नको वाटून घेऊ पोरी. त्यांचं काम हाय, आपल्याला करावं लागतंय. पर त्यांना एकदा सांग तरी. म्हणावं, तांदूळ बदला."

"सांगते काकी," मी म्हटलं. "कंपनीला सांगते."